पाकळी का उधळली?

"धरा! उमा पडतेय!" नाथाजी ओरडले.

मयूरीने झेप घेतली, पण पाकळी घोडी उधळली आणि सात वर्षांची उमा धाडकन आपटली. कोपर फुटलं. तिचे जन्मापासून आखडलेले पाय थरथरत होते.

साताऱ्याच्या या मैदानावर अशा मुलांना घोड्यावर बसवून व्यायाम देत. घोडदळातून निवृत्त झालेले नाथाजी शिकवायचे. सुट्टीत मयूरी त्यांच्या हाताखाली शिकत होती. मोठेपणी तिला हेच काम करायचं होतं. दोन महिन्यांत तिची धाकटी बहीण उमा आधाराशिवाय ताठ बसू लागली होती. आणि आज हे!

"बस्स! घोडी परवा विकायची," संस्थेचे डॉक्टर चिंतामण कडाडले. "नाथाजी, लक्ष कुठं होतं तुमचं?"

नाथाजी रहिमतपूरला घरी निघून गेले.

"ताई, मी परत वाकडीच बसणार?" उमाने विचारलं. मयूरी तबेल्यात जाऊन पाकळीच्या गळ्यात पडून रडली.

"मयूरी, हे बघ!" तिचा मित्र इंद्रजित दचकून म्हणाला. "आयाळीत जरीचा धागा! आणि इथले केस जळलेत!"

मयूरीने पाठीवरून हात फिरवला. पाकळी कळवळली. जिथे खोगीर येतं तिथेच ताजी जखम!

"फटाके... हिला कुणीतरी वरातीत नेतंय!"

"तबेल्याची किल्ली रखवालदार लालासाहेबांकडे. खोगीरही तेच चढवतात!"

"पण डॉक्टर आपलं ऐकतील?"

"ऐकवायचं कशाला? दाखवायचं! लग्नसराई आहे, आजही नेतील!"

त्याच दुपारी दोघं गवताच्या गंजीआड दबा धरून बसले. चारला लालासाहेबांनी पाकळीला झूल घालून बाहेर काढलं. पोरांनी सायकली मागे दामटल्या. वरात दोन गल्ल्या पलीकडेच, मारुतीच्या देवळाजवळ होती. इंद्रजित फोनच्या बूथमध्ये घुसला आणि खोटंच ओरडला.

"डॉक्टर, माझा पाय मुरगळलाय! मारुतीच्या देवळापाशी या, लवकर!"

तेवढ्यात फटाक्यांची माळ तडतडली. पाकळी मागच्या पायांवर उभी राहिली! पाठीवरचा नवरदेव किंचाळला. माणसं पळाली. मयूरी मात्र घोडीच्या खांद्याशी गेली, लगाम सैल धरला. "हळू, पाकळे. मी आहे." नाथाजींनी शिकवल्याप्रमाणे तिने लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. पाकळीची मान खाली आली.

स्कूटरवरून आलेल्या डॉक्टरांना तिने झूल उचलून जखम दाखवली.

"आधी शेजाऱ्याचं, आज भाच्याचं लग्न होतं, साहेब..." लालासाहेब पुटपुटले.

"आणि ती उमा मेली असती तर?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाकळीची विक्री रद्द केली आणि रहिमतपूरला जाऊन नाथाजींची माफी मागितली.

"आवं, माजंबी चुकलं," नाथाजी म्हणाले. "खोगीर उचलून बघाया पायजे हुतं. या पोरीनं बघितलं."

तीन आठवड्यांनी जखम भरली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मयूरीची पाठ थोपटली. "नाथाजी, शिकाऊ शिक्षिका म्हणून हिचं नाव लिहून घ्या!"

पण उमा घोडीजवळ येईना. "चढ गं," आई म्हणाली.

"नको, आई. घाई नको." मयूरी उमाशेजारी मातीत बसली. अर्धा तास गेला. पाकळी गवत खात होती.

मग उमाने ताईचा हात धरला. "एकच फेरी. तू सोडू नकोस हं!"