ओळंबा आणि गिलावा

बत्तीस वर्षांनी मी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं — "अहो, जरा ही खिडकी उघडून देता का?"

चूक माझी नव्हती... म्हणजे, अगदीच माझी नव्हती. आमच्या बॅचचा मेळावा अकराला होता आणि मी सवयीप्रमाणे दहालाच कॉलेजात जाऊन धडकले होते. ड्रॉइंग हॉलमध्ये कोंदट वास भरलेला, खिडकी फुगून चौकटीत घट्ट बसलेली. दारावरच्या दगडी कमानीपाशी एक माणूस स्टुलावर उभा राहून दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवत होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांना पांढरी धूळ, केस निम्म्याहून जास्त पिकलेले. मला वाटलं, डागडुजीला कुणीतरी आलंय.

तो खाली उतरला. खिडकीच्या चौकटीवर त्याने वर एक, खाली एक अशा दोन थापा मारल्या, खांद्याने हलकासा रेटा दिला — आणि खिडकी उघडली. सकाळचं ऊन थेट माझ्या पायाशी येऊन पडलं. मी आभार मानले आणि... आता सांगताना लाज वाटते, पण लगेच पुढचं कामही सांगितलं. चार जड बाकं मागे सरकवायची होती. ती त्याने एकट्याने सरकवली, रुमालाने हात पुसले आणि अदबीने विचारलं,

"अजून काही, ओळंबा?"

ओळंबा म्हणजे गवंड्याच्या हातातलं ते दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे की कलली हे सांगणारं. वर्गात कुणाचं काही वाकडं दिसलं की मी बोलून मोकळी व्हायचे, शिवाय उंच आणि काटकुळी होते, म्हणून मला ते नाव पडलेलं. काटकुळेपणा केव्हाच गेला. नावही गेलं असं मी समजत होते.

"गिलावा...?"

"चला, आवाजावरून तरी ओळखलंस."

"मला वाटलं, तू इथला —"

"कामगार. माहितीये." तो हसला. "दुसऱ्यांदा वाटलं तुला."

हसतच म्हणाला, पण ते बरोबर जाऊन लागलं. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो लगेच कमानीकडे वळला आणि मधल्या दगडाबद्दल काहीबाही सांगू लागला. मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

पहिल्यांदा काय झालं होतं, ते सांगायलाच हवं.

त्याचे वडील गवंडी होते. तो पहाटे त्यांच्या हाताखाली काम करून थेट कॉलेजात यायचा, शर्टाला कुठे ना कुठे गिलाव्याचा डाग असायचाच. मुलं चिडवायची. त्याने त्या चिडवण्याचंच नाव करून घेतलं. वहीवरसुद्धा 'गिलावा' असंच लिहायचा. दुसऱ्या वर्षी एका रविवारी मी हट्टाने त्याच्याबरोबर त्याच्या वडिलांच्या कामावर गेले. बाबांनी माझ्या हातात खराखुरा ओळंबा दिला आणि भिंतीला लावायला शिकवलं. वारा सुटला होता, दोरी काही केल्या स्थिर होईना. तर त्यांनी खाली पाण्याची बादली ठेवली आणि वजन त्या पाण्यात बुडवलं. दोरी गप्प झाली. मी इतकी हरखले की पुढचे कितीतरी रविवार तिथेच गेले. ओळंब्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगायचे. गिलावा काही विचारायचा नाही. फक्त मी येणार असले की त्या दिवशी त्याचा शर्ट धुतलेला असायचा.

डिप्लोमाच्या निकालाच्या दिवशी मी पहिली आले. माझे काका मोठ्या हुद्द्यावरचे इंजिनिअर, ते मला घ्यायला गाडी घेऊन आले होते. तेवढ्यात बाबा आणि गिलावा माझं अभिनंदन करायला कामावरून तसेच आले. चुन्याचे हात, डोक्याला बांधलेला रुमाल. काकांनी विचारलं, "हे कोण?"

आणि मी म्हणाले, "कुणी नाही. इथले कामगार आहेत."

बाबा चार पावलांवर होते. ऐकलं त्यांनी. गिलाव्यानेही. दोघं तसेच मागे फिरले. मी गाडीत बसले, आणि नंतर पत्र लिहायला घेतलं की माझा हात पहिल्या ओळीवरच थांबायचा. एक वर्ष थांबला, मग दहा, मग बत्तीस.

अकरा वाजता हॉल भरला. पोटं, चष्मे, टकलं, ओळखीच्या हसण्यावरून शोधून काढलेले चेहरे. पूर्वी वर्गाची हजेरी घेणारा आमचा 'हजेरी' इथेही वही घेऊन उभा होता. प्रत्येकाने तीन मिनिटांत बत्तीस वर्षं सांगायची असा त्याचा हुकूम होता. कुणी मुलांच्या नोकऱ्या सांगितल्या, कुणी नातवंडांचे फोटो फिरवले, एकाने गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत इतकी रंगवली की हजेरीला त्याचा हात धरून त्याला खाली बसवावं लागलं.

गिलावा माझ्या दोन बाकं पुढे बसला होता. मानेवरचे केस कापायला झाले होते. तो एकदा मागे वळला, मी खिडकीबाहेर पाहिलं. मग मी पाहिलं... आणि तो वळलेलाच होता.

त्याची पाळी आली तेव्हा तो सरळ उभा राहिला. "मी गवंडी," म्हणाला आणि जरा थांबला. कुणीतरी हसलं, त्याला वाटलं थट्टा आहे. मग गिलाव्याने सांगितलं की डिप्लोमानंतर दोन वर्षं त्याने एका कचेरीत टेबलापाशी बसून काढली आणि जीव रमला नाही. बाबांकडे परत गेला. जुन्या दगडी इमारती, त्यांच्या खचलेल्या कमानी आणि भिंती पुन्हा उभ्या करणं, हेच काम त्याने आयुष्यभर केलं. एक्केचाळीस इमारती झाल्या. बायको अकरा वर्षांपूर्वी आजाराने गेली; तिच्याबद्दल तो दोनच वाक्यं बोलला, पण ती बोलताना त्याचा आवाज खाली गेला. आणि शेवटी म्हणाला, "माझी लेकही गवंडी आहे. माझ्यापेक्षा बरी. बाबांनी जाण्याआधी तिचं काम पाहिलं, त्यात एकही चूक काढली नाही. माझ्या कामात ते शेवटपर्यंत काढत होते."

आता कुणी हसलं नाही. टाळ्या थांबेनात, आणि तो कान चोळत खाली बसला.

पुढचं नाव माझं होतं.

मी ठरवून आले होते. नदीवरच्या पुलाची गोष्ट सांगायची. ती सांगितलीही. बांधकाम खात्यात असताना त्या पुलाचा एक खांब मला कललेला वाटत होता. कागदावर सगळी मापं बरोबर होती, उद्घाटनाची तारीख ठरली होती, फक्त माझी सही राहिली होती. मी खांबाच्या माथ्यावरून ओळंबा सोडला. खाली चार बोटांचा फरक निघाला. मी सही केली नाही. वरून फोन आले, समजावणी झाली, दम देऊन झाला, मी सही केली नाही. मग मला उचलून तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. तिथे अडीच वर्षं काढली. शेवटी बाहेरून तपासणी आली, माझं माप खरं ठरलं, खांब दुरुस्त झाला. उद्घाटनाला मला बोलावणं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी आईला घेऊन त्या पुलावरून चालत गेले आणि चालत परत आले. तीन वर्षांनी मी त्याच खात्याची मुख्य अभियंता झाले.

इथे थांबायचं होतं. हजेरी घड्याळ दाखवत होता. लोक टाळ्या वाजवायला लागले होते. मी हात वर केला.

"एक राहिलं," मी म्हणाले. "त्या दिवशी नदीवर वारा होता. दोरी स्थिर होत नव्हती. मी खाली पाण्याची बादली ठेवून वजन त्यात बुडवलं, म्हणून माप घेता आलं. तपासणीच्या साहेबांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी सांगितलं, मला एका गवंड्याने शिकवलं. ते गवंडी म्हणजे गिलाव्याचे बाबा. आणि निकालाच्या दिवशी, याच इमारतीच्या दारात, मी त्यांना ओळख दाखवली नव्हती. नोकरीत मी खोटी सही कधी केली नाही... पण त्याच्या आधी एकदा केली होती. तोंडाने."

मी बसले. गिलावा मागे वळला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. तो दोन कप चहा घेऊन आला आणि एक कप माझ्यापुढे धरला.

मी म्हणाले, "बाबांना सांगायचं राहून गेलं."

"बाबा तुझ्यावर रागावले नव्हते. मी होतो. चांगला सात-आठ वर्षं होतो." त्याने चहाचा घोट घेतला. "ते म्हणायचे, पोरीचा हात स्थिर आहे, ती मोठी होईल. पुलाची बातमी पेपरात आली, तेव्हा त्यांनी ती कापून घमेल्यांच्या खोलीत चिकटवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ओळंबा धरायला हिला मी शिकवलंय."

मी तोंड वळवलं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, खात्याची मुख्य अभियंता, कॉलेजच्या व्हरांड्यात मी ढसाढसा रडले. आपला धुळीचा रुमाल पुढे करावा की नाही, या विचारात तो मघापासून तो खिशातून आत-बाहेर करत होता. शेवटी मीच ओढून घेतला.

"तुझं लग्न...?" त्याने बऱ्याच वेळाने विचारलं.

"कामाच्या साइटशी लागलं होतं. आता निवृत्तीला पाच वर्षं उरलीत."

"म्हणजे पाच वर्षं थांबावं लागेल?"

"कुणाला?"

तो चक्क लाजला. पिकलेल्या केसांचा माणूस लाजला की किती गोड दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी त्याला न्यायला त्याची लेक टेम्पो घेऊन आली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून तिने विचारलं, "तुम्हीच का त्या पुलावाल्या?" मी हो म्हटल्यावर तिने खणखणीत हात मिळवला, आणि बापाला टेम्पोच्या मागच्या बाजूला चढवून मला पुढे आपल्याशेजारी बसवलं. माझं घर येईपर्यंत ती मला खांबाचे प्रश्न विचारत होती.

त्यानंतर माझे शनिवार त्यांच्या कामावर जाऊ लागले. एका जुन्या वाचनालयाची मोठी कमान ते दोघं नव्याने उभारत होते. मी डोक्याला रुमाल बांधायला शिकले. गिलावा माझ्या प्रत्येक सूचनेला आधी नाही म्हणायचा, मग अर्ध्या तासाने गुपचूप तसंच करायचा. मी दिसूनही न दिसल्यासारखं करायचे. आम्ही भांडायचो, चहा प्यायचो, पुन्हा भांडायचो. त्याची लेक म्हणायची, तुम्ही दोघं बोलत नसलात की मला काळजी वाटते.

कमान पुरी झाली. तिच्याखालचा लाकडी आधार काढण्याचा दिवस आला. आधाराच्या पाचरी एकेक करून सैल करतात, आणि दगड पहिल्यांदा स्वतःचा भार स्वतः पेलतात. अशा वेळी गिलावा कमानीखाली उभा राहतो, हे मला लेकीने सांगितलं होतं. बाबाही राहायचे. त्याने मला बाहेर थांबायला सांगितलं. मी आत गेले आणि त्याच्याशेजारी उभी राहिले.

"बाहेर हो. हट्ट नको."

"मी तपासलंय."

"कधी?"

"सकाळी. तू चहाला गेला होतास तेव्हा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला बाकी काही दिसेना. लेकीने हातोडा उचलला. ठक... ठक... पाचरी सुटत गेल्या. आधार बोटभर खाली आला. वरून चिमूटभर धूळ आमच्या खांद्यांवर पडली. आणि कमान होती तिथेच राहिली, जशी काही तिला कधी आधाराची गरजच नव्हती. त्याचा हात माझ्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, ते अजून ठरायचंय.

"माझ्याशी लग्न करशील?" तो वर दगडांकडे बघतच म्हणाला. "पाच वर्षं थांबायची माझी तयारी आहे. पण... मनात नाही."

मी दुसऱ्या हाताने फोन काढला आणि तिथूनच आईला लावला. आई एकोणऐंशी वर्षांची, कानाला जरा कमी, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं. मी तिला सांगितलं की मी लग्न करतेय. तिने विचारलं, कोण आहे, करतो काय?

"गवंडी आहे," मी सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "चांगला आहे."

"चांगला म्हणजे किती चांगला?"

"आई, मी त्याच्या कमानीखाली उभी आहे. आधार काढलाय."

माझ्या आईने माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या एकाही मापावर कधी शंका घेतली नव्हती. तिने जराही वेळ न घालवता सांगितलं, "मग घेऊन ये त्याला."