झोक्यावरची रेघ

"ओ बाई! जराखी थांब ना!"

मोगरी माझ्या हातात वरच्या वर राहिली. आमच्या आणि शेजारच्या अंगणाच्या मधे जी बुटकी भिंत होती, तिच्यावरून एक डोकं डोकावत होतं. विस्कटलेले केस, नाकावर शाईचा ओघळ, आणि डोळे असे, की जणू मीच त्यांचं काही चोरलंय!

"काबरं थांबू?" मी म्हटलं. "कापडले चमक कोण देई, तू?"

"तू मोगरी आपटस, अन् आठे मन्ही रेघ उडस."

"उडस? रेघ काय चिडी शे?"

तो हसला. मला राग यायला हवा होता. आला नाही... मी मोगरी खाली ठेवली आणि मग उगाचच पुन्हा उचलली.

नंदुरबारच्या आमच्या रंगारी गल्लीत सकाळ मोगरीच्या आवाजानेच व्हायची. रंगवलेलं कापड घडी करून दगडावर ठेवायचं आणि लाकडी मोगरीने बडवायचं, की त्याला झळाळी येते. जन्मापासून ऐकलेला आवाज! तो कुणाला त्रास देत असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. हा भिला शेजारच्या मामांचा भाचा, आमच्याच जातीतला. धुळ्याला ड्रॉइंग शिकून दसऱ्यानंतर मामांकडे आला होता. घरात झोका बांधून त्याच्याकडे बघत बसतो, असं गल्ली म्हणायची. मुलगा बरा आहे, पण जरा हलला आहे, असंही म्हणायची.

दुपारी मामींच्या चुनड्या पोचवायच्या होत्या. त्या मी दुसऱ्या दिवशी पोचवणार होते. पण गेले त्याच दुपारी.

आढ्याला चार दोऱ्यांनी एक फळी टांगली होती. फळीखाली वजनाला दगड, फळीवर कागद. बाजूच्या काठीच्या टोकाला बोरू, त्याचं टोक कागदावर टेकलेलं. भिलाने फळी जराशी तिरकी ओढली आणि सोडली. फळी झोके घेत फिरू लागली, आणि बोरू जागेवरच राहून कागदावर वेटोळी काढू लागला. एकात एक, एकात एक, लहान होत जाणारी... मामींच्या चुनड्या माझ्या हातातच राहिल्या.

"कशी शे?" त्याने विचारलं.

"चांगली शे. पन तुन्ही रेघ दारू पिसन चालस."

तो एकदम गंभीर झाला. रेघ खरंच थरथरत होती. सुरुवातीला शाईचा ठिपका, शेवटी मोठा डाग, मधे कुठे पुसट, कुठे जाड. त्याने सांगितलं ते असं. सुरतेच्या छापील लुगड्यांच्या एका कारखान्याला नव्या नक्षी हव्या होत्या. कारखान्याचा शेठ मार्गशीर्षात कापूस बघायला नंदुरबारला यायचा होता. रेघ स्वच्छ निघाली तर तो भिलाला बरोबर घेऊन जाणार होता.

"मंग मी मोगरी नही मारत," मी म्हटलं. कुणी मागितलंही नव्हतं!

त्यानंतर माझा पाय घरात ठरेना. सकाळची कामं घाईघाईने उरकायची आणि भिंतीपाशी यायचं. शाई फार पातळ होती म्हणून मी धावड्याचा डिंक नेऊन दिला, आणि तो इतका घातला की बोरू कागदालाच चिकटला! भिला पोट धरून हसला. मग आम्ही शाई मलमलीतून गाळली. काठीच्या मागच्या टोकाला त्याने ओल्या मातीचा गोळा लावला. गोळ्याच्या भाराने बोरू हलका झाला आणि कागदाला नुसता स्पर्श करू लागला.

"इतलाच टेकाले पाहिजे," तो म्हणाला. "जोर करा का रेघ फाटस. सोडी दिधं का तुटस."

"हाई कोनले सांगी ऱ्हायना? बोरूले का माले?"

त्याचे कान लाल झाले. मग त्याने बोरूला दोरा बांधला. फळी फिरायला लागली की मी दोरा सैल करायचा, आणि झोका थकला की अलगद वर ओढायचा. सुरुवातीचा ठिपका गेला, शेवटचा डागही गेला. दोऱ्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्याची नजर... आणि रेघ रोज सुधारत होती. रेघ सुधारली की मला आनंद व्हायचा, आणि लगेच जीव खाली-वर व्हायचा. माझ्याच हाताने मी त्याला गाडीत बसवत होते ना!

तेवढ्यात आमची नीळ बिघडली.

अंगणात गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा माट होता. त्याच्यावर फेस येईना, वास फिरला, कापड मळकट राखाडी निघू लागलं. लग्नसराई तोंडावर आलेली. आबा डोक्याला हात लावून बसले. आमच्या रंगाऱ्यांत यावर एक उपाय असतो. गावात एक खोटी गोष्ट सोडायची, पण अशी की लोकांनी ती खरी मानली पाहिजे. ती जितकी पसरेल तितकी नीळ लवकर लागते, म्हणजे माट पुन्हा फेस धरतो. मात्र ती खोटी म्हणून कुणी कबूल केली, की माट गेलाच म्हणून समजा.

"दिवली, विहीरवर जाय," आबा म्हणाले. "सोड काईतरी झकास!"

विहिरीवर बायकांची गर्दी होती. मी राजवाड्याला आग लागल्याचं सांगणार होते. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच.

"भिला सुरत जात नही. त्यानी शेठले नही म्हणी दिधं."

मनातलं होतं, ते निसटलं. संध्याकाळपर्यंत गल्लीत तेच. मामा जेवले नाहीत. आणि शेठ आदल्याच दिवशी येऊन स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरला होता. त्याच्या कानावरही ते गेलं.

सकाळी भिला भिंतीपाशी आला. आज हसत नव्हता.

"शेठ परत जाई ऱ्हायना. दुपारनी गाडीले. म्हणस, पोऱ्याले यानंच नही ते मी नक्षी कसाले देखू? कोनी सांगं व्हई हाई?"

खरं सांगितलं तर आबांचा माट जाणार होता. न सांगितलं तर भिला राहणार होता... माझ्याजवळ, पण माझ्या खोट्यापायी, हात बांधल्यासारखा! असा भिला मला नको होता.

मी चुनड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि धर्मशाळा गाठली. दारातूनच म्हटलं, "शेठ, ती गोष्ट खोटी शे. मीच सोडी. आमनी नीळ बिघडेल व्हती. भिला येई ऱ्हायना. पहिलं त्यानी रेघ तरी देखा!"

शेठ कापसाचा नमुना हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "नीळ बिघडली म्हणून?" असं म्हणून तो इतका मोठ्याने हसला की बाहेरचा टांगेवाला वाकून बघू लागला. "चालो, बघू त्याची रेघ."

मी पुढे धावले. दारोदार सांगत सुटले, "ती गोष्ट खोटी, मीच सोडी! शेठ येई ऱ्हायना, मोगरी थांबाडा! जराखी थांबाडा!" सगळ्यांना कळलं, खोटं कुणी सोडलं ते. आबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि स्वतःच्या हाताने आमची मोगरी उचलून आत नेली.

गल्ली कधी इतकी शांत नव्हती. भिलाने फळी सोडली. मी दोरा सैल केला. बोरू टेकला आणि चालू लागला. एक रेघ, तीच रेघ, केसाएवढी बारीक, कुठे जाड नाही, कुठे तुटली नाही... फुलात फूल उमलत गेलं. मी दोरा वर ओढला. डाग पडला नाही.

शेठने कागद उजेडाकडे धरला. "सोमवारनी गाडीने सुरत आवजे," तो म्हणाला.

सगळे भिलाच्या पाठीवर थापा मारू लागले. मी घरी आले. माटाजवळ आबा काठीने नीळ ढवळत होते, फेस नव्हताच. मला वाटलं, जिभेपायी माट घालवला आणि खरं बोलून भिलाही. आता रडायचं तरी कुणासाठी? तरी मी रडत नव्हते, नुसती या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरत होते.

ऊन उतरताना भिंतीवरून हाक आली. "दिवली!"

मी गेले.

"तू शेठले काय सांगं?"

"खरं ते सांगं. तू जाई ऱ्हायना म्हणीसन."

"ते खोटं शे."

"काय?"

"मी स्टेशनवर जाईसन शेठले सांगी उनू. कागद आठेथून गाडीवर धाडसु. मी काई येत नही. तो कुरकुरना... मंग म्हणे, बरं, धाडी देख."

"काबरं भिला? इतला जीव काढा त्या रेघकरता..."

"रेघकरताच काढा," तो म्हणाला. भिंतीवरची माती नखाने उकरत राहिला. "पहिलं रेघकरताच काढा. मंग... तू दोरा धरस म्हणीसन मी फळी सोडत ऱ्हायनू. माले तू पाहिजे, दिवली. आबाले विचारू?"

माझं काळीज इतकं धडधडलं की वाटलं, आता याची रेघ इथूनच उडेल! "विचार," मी म्हटलं. "आतेच विचार! नही, थांब, मीच सांगस—"

त्याने घाईने भिंतीवरून हात पुढे करून माझा हात धरला. पहिल्यांदाच.

"आते नही! सगळं गाव मानी ऱ्हायनं ना, मी चालनू म्हणीसन? मानू दे, हाई नवं खोटं पसरू दे. तुन्हा आबानी नीळ लागू दे पहिली. तवलोंग कोनले सांगू नको."

मी! मी गप्प बसायचं! मला असं हसू फुटलं की मी पळत घरात शिरले.

माय चुलीपुढे होती. माझा चेहरा पाहून तिने भाकरी खाली ठेवली, मला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे बेटा," ती हळूच म्हणाली. "सुरत काई लांब नही शे."

मी तिच्या पदरात तोंड खुपसलं आणि खांदे हलू दिले. तिला वाटलं, मी रडतेय.