कामावर रुजू

आमची अंकिता कराडला सेफ्टीचा डिप्लोमा करते. परवा तिच्याबरोबर मैत्रीण आली होती, मयूरी. रात्रीची जेवणं झालेली, लाइट गेलेली, आम्ही पायरीवर बसलो होतो. दोघी कशावर तरी हसत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, अपघाताचा फॉर्म कसा भरला म्हणजे वरून प्रश्न येत नाहीत ते सरांनी शिकवलं. मी म्हटलं, हसून झालं असेल तर ऐका. असाच एक फॉर्म भरणारा माझ्या माडीवर राहायचा. त्याची गोष्ट आहे. तिला मीठमसाला लावायची गरज नाही.

गंगाधर त्याचं नाव. वाईचा. कपड्यांना कडक इस्त्री, आणि बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं चूक आपलीच झाली. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्यात तो सेफ्टी ऑफिसर होता. कारखान्याचं नाव विचारू नका. गेटवर मोठा बोर्ड, 'आजअखेर अपघाताविना दिवस', आणि त्याखाली आकडा. रोज सकाळी तो आकडा एकानं वाढवायचा, हे ह्या गृहस्थाचं मुख्य काम. वर्ष पुरं झालं की चेअरमनसाहेबांना सुरक्षेची ढाल मिळणार होती.

आता एवढ्या कारखान्यात वर्षभर कुणाचं बोट चेपलं नाही असं होतं का? चेपलं की. पण जखमी माणूस दोन दिवसांच्या आत कामावर आला, तर तो अपघात वर कळवावा लागत नाही म्हणे. म्हणून गंगाधरनं एक वाक्य बसवून ठेवलं होतं. 'किरकोळ जखम. प्रथमोपचार करून कामावर रुजू.' बोट तुटलं, रुजू. पाय भाजला, रुजू. पाय भाजलेल्याला जीपमधून आणून गेटवर खुर्चीत बसवायचे, हजेरी लावायचे आणि परत घरी सोडायचे. मला अक्षरं वाण्याच्या पुडीच्या कागदांनी शिकवली, तरी रुजू म्हणजे काय ते मला कळतं. त्याला दोन पदव्या असून कळत नव्हतं.

अंकिता म्हणाली, "आज्जी, आता हे सगळं ॲपवर भरतात."

"ॲपवर खोटं लिहिता येत नाही का गं?"

ती मयूरीकडं बघायला लागली.

कारखान्यात गव्हाण असते. ट्रॉलीतला ऊस तिथं चेनवर पडतो आणि चेन त्याला मिलकडं ओढत नेते. त्या चेनच्या चाकावर जाळी हवी. दोन हंगामांपूर्वी दुरुस्तीला म्हणून काढली ती परत बसली नाही. का? तर त्या जागी अपघाताची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे धोका नाही, धोका नाही म्हणजे जाळी कशाला? असं डोकं चालवायला माणूस फार शिकलेला लागतो.

त्या उघड्या चाकापाशी भाऊसो म्हणून एक जण अडकलेला ऊस लोखंडी आकड्यानं मोकळा करायचा. गेल्या सालच्या हंगामात, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, रात्री एकच्या सुमाराला चेननं त्याचा मफलर धरला. मिरजेला नेताना आष्ट्याच्या पुढं तो गाडीतच संपला.

पण गाडी गेटबाहेर पडायच्या आधीच गंगाधरनं वहीत लिहून ठेवलं होतं. 'किरकोळ जखम. कामावर रुजू, १.१०.' हाताला सवयच लागली होती. मग भाऊसो गेल्याचा फोन आला. मग साहेबलोक दार लावून बसले आणि ठरलं, की भाऊसो रुजू झाला, पाळी संपवून घरी निघाला आणि रस्त्यात त्याला ट्रॉलीनं उडवलं. सकाळी बोर्डावरचा आकडा एकानं वाढला. आठव्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ धनाजी कामावर घेतला. त्याच जागी. त्याच उघड्या चाकापाशी. वर उपकार केल्याचा आव.

आता ती रात्र. पंधरा जानेवारी, बुधवार, संक्रांतीचा दुसरा दिवस, कर. आमच्याकडं करीला कुणी नवं काम काढत नाही. साडेनऊला गंगाधर जिना उतरून आला. दुसऱ्या दिवशी निरीक्षक येणार होते आणि भाऊसोच्या ओळीतला शेवटचा रकाना कोरा राहिला होता, 'पाळी सोडल्याची वेळ'. रात्रीची पाळी पहाटे चारला सुटते, म्हणजे चारचा आकडा घालायचा. मला म्हणाला, काकू, कडी लावू नका, तासाभरात येतो. मोटरसायकल काढली आणि गेला.

आला तो पहाटे साडेपाचला. ह्याच पायरीवर बसला. पुढचं त्यानंच सांगितलं.

त्याची खोली गव्हाणीला लागून. वही उघडली, ओळ काढली, पेनाचं टोपण काढलं. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. कामगार दारात उभे राहतातच, ह्यानं मान वर केली नाही. काय काम आहे रे, म्हणून विचारलं.

"किती वाजले म्हणून ल्हिताय, साहेब?"

ह्याचा हात थांबला. बाहेर चेन चालू होती. उसाच्या रसाचा वास एकदम खोलीत आला. ओला, आंबूस.

"ल्हिवा की. मी कवा सुटलो, मलाबी कळू दे."

मान वर करायची राहिली होती... ती आता होईना. वहीकडं बघतच हा म्हणाला, चार वाजता.

"चार अजून वाजायचं हायती."

बाहेर नुसती चेन.

"म्हंजे मी कामावर हाय. तुमीच ल्हिवलंय. मग धनाजी माझ्या जागंवर कसा? एका जागंवर दोन माणसं... न्हाई चालायची, साहेब. एक जाणार."

गंगाधरनं पेनाचं टोपण परत लावलं.

"खरं काय झालं ते ल्हिवा. मी जातो. न्हाईतर त्याला तितनं हलवा."

पोरींनो, एवढंच मागणं. एक ओळ खोडून दुसरी लिहायची. किंवा उठून वीस पावलं जायचं आणि त्या पोराला म्हणायचं, बाबा, बाजूला हो. दारात मेलेला माणूस उभा असताना ह्याला आठवलं काय? बोर्डावरचा आकडा. हे त्यानं स्वतः मला सांगितलं. सांगताना रडत होता, पण रडण्यानं माणूस काही मोठा होत नाही.

तो म्हणाला, "उद्या बघू."

आयुष्यभर लोकांना सांगितलेलं तेच त्यालाही सांगितलं.

दारातून आवाज आला नाही.

नाही.

मग... अगदी हळू...

"बरं. तवर मी बघतो."

पावलं वाजली नाहीत. वास तेवढा गव्हाणीकडं गेला. ह्यानं दार लावलं, टेबल ओढून दाराला टेकवलं आणि चारचा भोंगा होईपर्यंत खाली बसून राहिला. वीस पावलांवर एक जिवंत पोरगं उभं होतं.

तो रकाना त्यानं कोराच ठेवला. दुपारच्या एसटीनं वाईला गेला तो परत आला नाही. गादीसुद्धा माडीवर तशीच आहे.

पुढचं मला धनाजीनं सांगितलं. त्याच रात्री अकराच्या सुमाराला मागून कुणीतरी म्हणालं, "मागं सर." मुकादम असेल म्हणून तो दहा पावलं मागं झाला. वळून बघितलं तर कुणी नव्हतं. पण पुढं जायला पाय उचलेना. पहाटेपर्यंत तो तसाच लांब उभा. ऊस एकदाही अडकला नाही. चेन एकदाही थांबली नाही, तसं इंजिनिअरच्या वहीत आहे.

उजाडलं तेव्हा चाकावर जाळी होती.

नवी. जाड पट्ट्यांची. स्टोअरमधून पट्टी बाहेर पडलेली नाही. वेल्डर दोघंही त्या रात्री सुट्टीवर. दहा वाजता निरीक्षक आले, जाळीवर हात ठेवून बघितलं आणि शेरा मारला, 'व्यवस्था समाधानकारक'. पुढं चेअरमनसाहेबांना ढाल मिळाली. भाषणात म्हणाले, माझ्या प्रत्येक कामगाराची काळजी मी जातीनं घेतो. टाळ्या झाल्या. माणसं टाळ्या कशालाही वाजवतात.

मी धनाजीला विचारलं, वेल्डिंगचे टाके कुणाच्या हातचे ते ओळखता येतं म्हणतात, तू नीट बघितलेस का? तो ह्याच पायरीवर बसला होता. हातातला कप खाली ठेवला. चहा गार झाला.

"बघितलं, आक्का."

"मग?"

"बाहीरनं एकबी टाका न्हाई. सगळं आतल्या अंगानं हायती."

आतल्या अंगाला चाक आहे. चाक आणि जाळी यांच्यात तळहात जेमतेम शिरतो.