सत्तेचाळीस नंबरची दोन घरं

सुयोग शाळेतून घरी आला, की तनुजाचं इंटरनेट जायचं.

बरं, सुयोग काही तिच्या घरात राहत नव्हता. तो भिंतीपलीकडचा चुलतभाऊ. दिनकरकाकांनी आणि तनुजाच्या बाबांनी यंदा घर वाटून घेतलं, मधोमध भिंत घातली आणि बोलणंही टाकलं. अशा भांडणात गवंड्याचं तेवढं भलं होतं, बाकी कुणाचं नाही.

एरवी तनुजाने हे एवढं मनावर घेतलं नसतं. पण उद्या तिला एक मोठी संधी होती. चंद्रावरची एक छोटी बग्गी काही निवडक मुलांना घरबसल्या चालवायला मिळणार होती, आणि करंजवडीची तनुजा ढवळे त्यांतली एक होती. मधेच जोडणी तुटली, तर बग्गी पुढच्या मुलाकडे जाणार होती. पुन्हा संधी नव्हती.

"बाबा म्हणतात, काका मुद्दाम करतात," ती टेकडीवर जाऊन सरोजिनीआत्याला म्हणाली. "मला नाही पटत. कारण सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आत्या या दोघा भावांची थोरली बहीण. उपग्रहांवर काम करून निवृत्त झाल्यावर तिने गावच्या टेकडीवर मनोरा उभारला. घरोघरी छपरावर एकेक डबी बसवली. मनोरा आणि डब्या रेडिओलहरींनी एकमेकांशी बोलत, आणि गावाला बिनतारी इंटरनेट मिळे. मनोऱ्यावर चढायला खारू नावाचा यंत्रमानव होता. तो वर जाऊन पाहून आला.

"तबकडी सरळ. वायर शाबूत. दोष नाही," खारू म्हणाला. "आणि वर वारा फार आहे."

"दोष वर नाही, म्हणजे खाली आहे," तनुजा म्हणाली. "आत्या, सुयोग घरी आला की पहिल्यांदा त्यांची डबी चालू करतो."

"तुमच्या डबीचा आयपी पत्ता (इंटरनेटवर यंत्राला ओळखण्यासाठी दिलेले आकडे) कोणता?"

"१०.२०.३०.४७. शेवटी घराचा नंबर. तुझाच तर नियम, अख्ख्या गावाला पाठ आहे." तनुजा थबकली. "आत्या! काकांच्या घराचा नंबरही सत्तेचाळीसच आहे!"

आत्याने कपाळावर हात मारला. भिंत झाली तरी आजोबांचा नंबर सोडायला दोघेही भाऊ तयार नव्हते. '४७ अ' कुणालाच नको होता. काकांनी नवी डबी आणली आणि नियमाप्रमाणे स्वतःच पत्ता भरला.

आत्याने मनोऱ्याचा संगणक उघडला. प्रत्येक डबीला जन्मक्रमांक (कारखान्यातच मिळालेली, वेगळी ओळख) असतो. पडद्यावर ४७ च्या पुढे एक जन्मक्रमांक दिसला, क्षणात दुसरा, पुन्हा पहिला.

"पोस्टमन नवा आहे समज," आत्या म्हणाली. "तो विचारतो, सत्तेचाळीस कोण? तू ओरडतेस, 'मी!' तो तुझ्याकडे वळतो. तेवढ्यात सुयोग ओरडतो, 'मी!' मग तुझंही पत्र त्याच्या दारात. तो म्हणतो, हे माझं नाही, आणि टाकून देतो."

"मग आमचा पत्ता बदलू."

पण दोघी घरी आल्या, तर बाबा ऐकेनात. "आजोबांचा नंबर आहे. त्याला बदलायला सांग!"

आत्याने दुसरी वाट काढली. "घराच्या नंबरावरून पत्ता देण्याची हुशारी माझीच, आणि तीच अंगाशी आली. आता मनोराच पत्ते वाटेल. जत्रेत चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना? तुझ्याकडे आहे तोवर तो दुसऱ्याला देत नाहीत. तसंच डबी मनोऱ्याकडे पत्ता मागेल. मनोरा मोकळा असेल तो देईल आणि तिच्या जन्मक्रमांकासमोर लिहून ठेवेल. याला स्वयंचलित पत्तेवाटप म्हणतात. सत्तेचाळीस मी बाजूलाच ठेवते. कुणालाच नको."

"दिनकर सोडत असेल तर मी सोडतो," बाबा म्हणाले.

भिंत झाल्यापासून तनुजा पलीकडे गेली नव्हती. तिला भीती वाटत होती, तरी ती तडक काकांच्या दारात उभी राहिली.

"काका, तुमचंपण इंटरनेट जातं ना?"

"जातं म्हंजे! सुयोगचे तास अर्ध्यावर तुटत्यात. तुझा बापच कायतरी करतोय."

"बाबा तुमच्याबद्दल हेच म्हणतात."

मग तिने बिल्ल्याची गोष्ट सगळी सांगितली. "नंबर दारावर राहू दे, काका. डबीचा तेवढा सोडा."

"आधी त्यो सोडंल का?"

"दोघांनी एकदमच सोडा. मी आकडे मोजते."

ती भिंतीपाशी उभी राहिली. "एक... दोन... तीन!" अलीकडे बाबांनी आणि पलीकडे काकांनी आपापल्या फोनवर डबीची 'स्वयंचलित' कळ दाबली. दोन्ही डब्यांचे दिवे विझले, मग हिरवे झाले. या वेळी दोन्ही हिरवेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तनुजा बग्गी चालवत होती; बाबा आणि आत्या शेजारी बसले होते. राखाडी जमीन सरकत होती, आणि पलीकडे सुयोगच्या पडद्यावरही तेच थेट प्रक्षेपण चालू होतं. एवढ्यात भिंतीपलीकडून काकांची आरोळी आली, "तने, खड्डा! डावीकडं घे, डावीकडं!"

तिने बग्गी आधीच वळवली होती. बाबांना राहवलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून ओरडले, "अरे दिन्या, चंद्रावरून चित्र यायला सव्वा सेकंद लागतो! तिकडं ती केव्हाच वळली असंल!"

पलीकडून काका म्हणाले, "मग दादा, आधी सांगायचं न्हाई का?"

भिंत घातल्यापासून काका पहिल्यांदाच बाबांशी बोलले होते. तनुजाला रडू येईलसं वाटलं, पण तिने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"आत्या," ती म्हणाली, "चंद्रावर माणसं राहायला गेली, की त्यांच्या डब्यांना पत्ते कोण देणार?"

"तोवर तू मोठी झालेली असशील. तूच दे."

"देईन," तनुजा म्हणाली. "पण घराच्या नंबरावरून नाही हं!"