मागची नर्स

"हलू नका हं... डोळे उघडे ठेवा."

मी दचकलेच! नाकासमोर मोजपट्टीचं टोक, आणि त्यामागे एक अनोळखी, भलताच गंभीर चेहरा. सेटवरच्या आठवणी भरायच्या यंत्राच्या खुर्चीत मी तारा तपासायला बसले होते, आणि कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा हा नवा पठ्ठ्या मला नायिका समजून अंतर मोजत होता.

"नायिका मेकअपला गेलीय," मी म्हटलं. "मी कंटिन्युइटी. कालच्या शॉटमध्ये कुणाची बट कुठल्या गालावर होती, ते लक्षात ठेवणारी."

"अरेच्चा! म्हणजे हेही तुम्ही विसरणार नाही," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

कशी विसरेन?

आमची टीव्ही फिल्म होती विज्ञानकथा. मरणाऱ्या बायकोच्या आठवणी दुसऱ्याच बाईत भरतात, आणि हिला आपली म्हणावं की नाही, ते नवऱ्याला कळेनासं होतं.

"म्हणावं की!" तो जेवताना म्हणायचा.

"चेहरा परका असला तरी?" मी वाद घालायचे.

वाद रोज, सोबत चहाही रोज. पण मनातलं बोलायची वेळ आली, की स्वारी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. शूटिंग संपलं की त्याचं युनिट वेगळं, माझं वेगळं... माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटच्या दिवशी नर्सचं काम करणारी मुलगी आलीच नाही. दिग्दर्शिकाबाईंनी मलाच पांढरा कोट चढवून काचेमागे उभं केलं. शॉट झाला. बाईंनी मॉनिटर पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, नायिका धूसर, आणि मागच्या नर्सची पापणी न् पापणी मोजून घ्या! हिच्या आठवणी काय नर्समध्ये भरल्यास?"

सगळा सेट खो-खो हसला. त्याची मान खाली गेली. मी मात्र काचेमागे गालातल्या गालात हसत होते.

रीटेक झाला, सामान पेट्यांत जाऊ लागलं. मी त्याला गाठलंच.

"आजवर तुमचा एकही शॉट चुकला नव्हता."

"समोर तुम्ही असलात, की..." तो अडखळला. "ऐका – माझ्या आठवणी काढून दुसऱ्या कुणात भरल्या ना, तर तो बिचाराही तुमच्याच प्रेमात पडेल."

"आणि तुम्ही?"

"मी? रिकाम्या डोक्यानं पुन्हा पहिल्यापासून पडेन."

"मला दोघं कशाला? हा एकच हवाय... कधीपासून," मी म्हणून टाकलं, आणि सगळ्यांदेखत त्याचा हात धरला.