बुधवारचा कोंबडीभात

पोस्टकार्ड चार वेळा वाचून झालं, तरी बकुळा ते हातातून खाली ठेवेना!

“वन्सं, बुधवारी संध्याकाळी सहाच्या एस.टी.नं आम्ही तिघं सरावलीला येतो. जेवून साडेआठच्या गाडीनं परत फिरू. ह्यांना कसंबसं तयार केलंय, तेव्हा नाही म्हणू नका. जेवायला कोंबडीभात करा, दुसरं काही नको. – नयना.”

आज बुधवारच होता. सोमवारी तलासरीला पेटीत टाकलेलं कार्ड वाडीत येईपर्यंत साडेचार वाजून गेले होते. म्हणजे उरला जेमतेम दीड तास… सात वर्षं जिच्या घराकडे भावानं वळूनसुद्धा पाहिलं नाही, तिला त्याच्या स्वागताला देवानं दिला होता दीड तास!

“ठके, सूर्या येतोय गं… माझा सूर्या येतोय!” वाडीतला पाचोळा झाडणाऱ्या ठकीला तिनं ओट्यावरूनच हाक मारून सांगितलं.

“मग रडतेस कशाला, बाय?” ठकीनं झाडू टाकत विचारलं. वीस वर्षं ती या चिकूच्या वाडीत कामाला होती. असं विचारायचा तिला हक्कच होता.

बकुळा काय सांगणार? डोळ्यांत आनंदाचं पाणी होतंच. पण त्या कार्डातला ‘कोंबडीभात’ हा शब्द वाचून काळजात चर्र झालं होतं, ते कुणाला सांगायचं? सात वर्षांपूर्वी याच कोंबडीभाताच्या ताटावरून तिचा भाऊ उठून गेला होता. आज पुन्हा तेच ताट, पुन्हा तीच पंगत… पुन्हा तो तिला घास घ्यायला लावणार, आणि पुन्हा ती घेऊ शकणार नाही! आज उठला, तर तो जन्मात परत यायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आई गेली तेव्हा सूर्यकांत सहा वर्षांचा होता आणि बकुळा एकोणीसची. दोन वर्षांत वडीलही गेले. बोर्डीचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. शिकलेला मुलगा, घरची नारळाची बाग. “एवढा सूर्या मोठा होऊ दे,” असं म्हणून तिनं ते परत पाठवलं. सूर्या मोठा झाला, तोवर स्थळं यायची थांबली होती. याचं दुःख तिला कधी झालं नाही. झालं तर ते तिची कथा सांगणाऱ्यालाच होतं.

तो पंधरा वर्षांचा असताना विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. एकविसाव्या दिवशी डहाणूचे डॉक्टर नुसतेच मान हलवून गेले. बकुळा परसात गेली, महालक्ष्मीच्या डोंगराकडे तोंड करून तिनं पदर पसरला. “आई, ह्याला ठेव. मी जन्मभर कोंबडीला तोंड लावणार नाही!”

कुणी हसेल. पण दर बुधवारी नि रविवारी ज्या घरात कोंबडी शिजायची, त्या घरात तिच्याइतकं आवडीनं खाणारं कुणी नव्हतं. आणि देवीला द्यायचं ते जिवापाड आवडीचंच द्यायचं, नाही का? शिवाय आईची शिकवण होती, की देवीला दिलेला शब्द कुणाच्या कानावर जाता कामा नये. गेला, की देवी दिलेलं परत नेते. म्हणून बकुळानं ओठ शिवून घेतले. चौथ्या दिवशी ताप उतरला.

पुढं आठ वर्षं ती आठवड्यातून दोनदा भावासाठी कोंबडी करत राहिली, आणि स्वतः वरणभात खाऊन उठत राहिली. कुणाला पत्ता लागला नाही. सगळ्यांच्या मागून स्वयंपाकघरात जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात काय आहे, हे बघतो कोण!

बघितलं ते नयनानं. डहाणूरोडच्या रेल्वेच्या गार्डाची ती मुलगी. शिकलेली, मोकळ्या स्वभावाची. लग्नाच्या पाचव्या दिवशी तिनं हौसेनं कोंबडीभात केला आणि बकुळाला हाताला धरून पंगतीत बसवलं. “आजपासून वन्संनी मागून जेवायचं नाही!” मायाच होती ती सगळी… पण त्याच मायेनं घात केला.

“मला नको गं,” बकुळानं ताटावर हात आडवा धरला.

“एक घास, वन्सं. माझ्या हातचा.”

“नको म्हटलं ना!” घाबरल्यामुळं तिचा आवाज नको तेवढा चढला.

नयनाचा चेहरा पांढराफटक पडला. लग्नात कुणी तरी तिच्या कानाशी कुजबुजलंच होतं, की नणंदेला हे स्थळ पसंत नव्हतं. ती हमसाहमशी रडू लागली. “माझ्या हातचं चालत नाही त्यांना… मी या घरात कशाला आले?”

आणि मग सूर्यकांतनं ते भयंकर वाक्य उच्चारलं. “ताई, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. एक घास घे. नाही घेतलास, तर मी मेलो असं समज!”

ज्याच्या जिवासाठी तो घास सोडला, त्याच्याच जिवाची शपथ! बकुळानं त्याच्याकडे पाहिलं, ओठ दातांखाली दाबले आणि ती ताटावरून उठून गेली. सूर्यकांतला कळलं ते एवढंच, की ताईला भावाच्या जिवापेक्षा आपला हट्ट मोठा आहे. महिन्याभरात त्यानं तलासरीच्या कचेरीत बदली मागून घेतली. भाची जयमाला जन्मल्याची बातमीसुद्धा बकुळाला बाजारात तिऱ्हाईताकडून कळली होती.

…पण आता रडत बसायला वेळ कुठं होता?

“ठके, कोंबडा नको धरू, तो शिजायला रात्र लावील. ती तांबडी तलंग धर!”

ठकीनं कोवळी कोंबडी मारून, उकळत्या पाण्यात बुचकळून पिसं काढली, पेंढ्याच्या जाळावर लव भाजून दिली. बकुळानं तुकडे करून हळद, आलं-लसूण चोळलं आणि लवकर शिजावी म्हणून कच्च्या पपईचा कीस लावला. परसातली चूल धडधडून पेटवली. एका बाजूला खोबरं भाजलं, दुसऱ्या बाजूला कांदा तेलात टाकला, आणि पाट्यावर वाटण वाटताना तिचे हात असे चालू लागले, की मधली सात वर्षं जणू आलीच नव्हती. सूर्या गेल्यापासून या चुलीवर कोंबडी चढली नव्हती. कुणासाठी चढवायची?

तुकडे मसाल्यात परतून अर्धे शिजले, तसा धुतलेला कोलम तांदूळ तिनं त्याच टोपात घातला, आधणाचं पाणी ओतलं आणि झाकणावर निखारे ठेवले. वासानं परस भरून गेलं. पंधरा वर्षं झाली होती, तरी तिच्या तोंडाला पाणी सुटलं! तिनं आवंढा गिळला आणि स्वतःशीच हसली. शेजारी छोट्या पातेल्यात आपल्यापुरता पांढरा भात मात्र तिनं आठवणीनं टाकला. ‘सूर्या रागावला तर रागावो, निदान दोन घास तरी पोटात जातील त्याच्या,’ एवढंच ती मनाशी म्हणत होती.

एस.टी. सव्वासहाला आली. फाट्यावरून तिघं चालत येताना दिसली. सूर्या केवढा वाळला होता! कानशिलावर केस पिकले होते. अंगणात येऊन तो परक्यासारखा उभा राहिला.

“बरी आहेस?” कचेरीत आलेल्या माणसाला विचारावं, तसं त्यानं विचारलं.

“बरी आहे रे…”

नयना खाली वाकली, पाया पडली. तिच्या मागं चार वर्षांची जयू उभी होती. डोळे अगदी सूर्याचे, पण अंगावर मांस नाही, आणि डोक्यावर नुकते उगवलेले बोटभर केस. बकुळानं तिला उचलून छातीशी धरलं, तेव्हा तिला त्या पोरीचा भारच जाणवला नाही.

आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणि वाटीत गूळ आणला. सूर्यकांतनं खडा तोंडात टाकला. जयूनं दोन घेतले. नयनानं मात्र नुसतंच पाणी घेतलं.

“अगं, गूळ घे ना. धुळीतून आलीस.”

“नको, वन्सं.”

“एवढासा…”

“नको. मला गोड नको,” नयना खाली बघत म्हणाली.

“तिचं हे हल्लीचंच आहे,” सूर्यकांत त्रासून म्हणाला. “श्रावणात जयू तापानं हातची गेलीच होती. तेव्हापासून ही गोडाला शिवत नाही. विचारलं तर सांगत नाही. परवा साहेबांच्या बायकोनं पेढा दिला, तो हिनं परत केला. त्या बाईंना केवढा अपमान वाटला!”

बकुळानं जयूच्या त्या बोटभर केसांकडे पाहिलं… मग नयनाकडे पाहिलं. नयनाचे डोळे काठोकाठ भरले होते. हिनंही पोरीच्या जिवासाठी गोड सोडलं होतं! हिच्याही ओठांवर तेच कुलूप होतं!

“बरं बाई… नको तर नको,” बकुळा कशीबशी म्हणाली आणि आत वळली.

नयना तिच्यामागोमाग चुलीपाशी आली. “वन्सं, तो पेढा हातात होता ना, तेव्हा मला तुमचं ताट आठवलं. सात वर्षांनी कळलं मला… म्हणून तर मी आज तोच कोंबडीभात…”

“बोलू नकोस! एक अक्षर बोलू नकोस, बाळ!”

“नाही बोलत. तुम्हीही बोलू नका.”

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता रडल्या. झाकणावरचे निखारे काढायचे भान त्यांना जरा उशिरानंच आलं.

पानं मांडली. सूर्यकांतनं ती मोजली, तर तीनच होती.

“ताई, तूही बस आमच्याबरोबर,” तो म्हणाला. आवाजात माया कमी आणि परीक्षाच जास्त होती.

बकुळा बसली. नयनानं सगळ्यांना कोंबडीभात वाढला आणि बकुळाच्या ताटात पांढरा भात, दही आणि लोणच्याची फोड ठेवली. सूर्यकांतची नजर त्या ताटावर थिजली.

“म्हणजे पुन्हा तेच! हे दाखवायला आणलंस मला इथं?” तो पाटावरून उठायला लागला.

“बसा!” नयनाचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. “त्या दिवशी मी रडले म्हणून तुम्ही शपथ घातलीत. चूक माझी होती. आज मी सांगते, वन्संच्या ताटात कोंबडी पडायची नाही. आणि का, ते विचारायचं नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही!”

“मला कळायलाही नको?”

“तुम्हाला तर मुळीच नको!”

तो सुन्न होऊन खाली बसला. त्यानं एक घास तोंडात टाकला, आणि तो चावायचा थांबला.

“आत्या, भात खारट!” जयूनं बिनदिक्कत सांगून टाकलं.

“अगं बाई!” बकुळानं कपाळाला हात लावला. “दोनदा पडलं की काय मीठ? घाईत, माझं चित्तच ठिकाणावर नव्हतं…”

“तुझा भात, आणि खारट?” सूर्यकांत चकित होऊन म्हणाला. “चाखून नाही बघितलास?”

बकुळा जयूला पाणी पाजू लागली.

“ताई, तू चाखायची नाहीस…” तो हळूहळू, स्वतःलाच आठवण करून दिल्यासारखा बोलू लागला. “रस्सा उकळला की मला हाक मारायचीस. माझ्या तळहातावर थेंब घालायचीस. ‘सूर्या, मीठ बघ रे.’ मला वाटायचं, लाडानं देते. माझ्या लहानपणी मात्र तू स्वतःच चाखायचीस… मला हाक मारायला लागलीस ती नंतर. मी त्या आजारातून उठलो…”

नयनानं झटकन त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.

सूर्यकांतनं बायकोच्या घाबरलेल्या डोळ्यांत पाहिलं, शेजारच्या पोरीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग कितीतरी वेळ तो बहिणीकडे बघत राहिला. या बाईला मी माझ्या जिवाची शपथ घातली… हिलाच! पण त्यानं काही विचारलं नाही. पंधरा वर्षांत बहिणीसाठी त्यानं केलेलं हे पहिलं काम होतं.

तो मान खाली घालून जेवू लागला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तो एकामागून एक घास घेत होता. ताट रिकामं करून तो तांब्याभर पाणी प्यायला आणि त्यानं ताट बकुळापुढं धरलं.

“ताई, वाढ.”

“नको रे सूर्या, तोंडात घेववत नसेल… मी तुला पांढरा भात वाढते.”

“हाच वाढ.”

“अहो, आठ वाजून गेले. गाडी…” नयना म्हणाली.

“जाऊ दे गाडी. उद्याची रजा टाकीन. तू वाढ गं, ताई!”

बकुळानं वाढलं. त्यानं ते संपवलं आणि पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदा वाढून झाल्यावर ती आपल्या पानावर येऊन बसली, भावाच्या शेजारी, सगळ्यांबरोबर. आणि पहिल्यांदाच, कुणी काही न विचारता, दहीभात पोटभर जेवली.