नकाराची रीत

झुलत्या पुलाच्या मधोमध एक तरुण दोन्हीकडच्या तारा घट्ट धरून उभा होता. गुडघ्याएवढा कोराकरकरीत झगा, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला... आणि वरून उन्हातला पाऊस.

“खाली बघू नका, साहेब. समोर बघा,” पलीकडच्या टोकाला उभी असलेली गावातली सेल्डेन म्हणाली.

“समोर तुम्ही आहात.”

“मग डोळे मिटा.”

तो हसला, आणि हसता हसता पूल ओलांडून आला.

थुकतेन त्याचं नाव. राजधानी थिंफूच्या आरोग्य निधीचा माणूस. हे तिला दुपारी कळलं, शाळेच्या ओसरीवर गाव जमलं तेव्हा. तिनं लोण्याचा चहा पुढे केला. त्यानं रीतीप्रमाणे तोंडावर हात धरला. “मेशु, मेशु... नको, नको.” दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा मात्र, रीतीप्रमाणेच, मुकाट्यानं घेतला.

मग त्यानं विषय काढला. परदेशी मदत आटत चालली होती, औषधं महागली होती. दवाखान्यात आजवर कुणाला पैसे पडत नव्हते. आता दारातच थोडी फी घ्यावी, असं वरच्यांचं म्हणणं होतं. गावाची संमती हवी होती.

“नको,” सेल्डेन म्हणाली.

“अगदी थोडी—”

“नको.”

तो हसला. “बरं, तिसऱ्यांदा विचारतो...”

“हा चहाचा नकार नाही, साहेब. हा खरा आहे.”

गेल्या हिवाळ्यात तिची आई गेली, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

“आईला पाठुंगळी घेऊन मी तो पूल ओलांडायचे. दोन्ही हात मागं, तिच्या पायांना धरून. दवाखान्याच्या दारात बटवा कुठल्या हातानं सोडला असता?”

थुकतेननं विचारलं, “मग निधी टिकायचा कसा?”

“माणूस धडधाकट असताना मागा. बटाटे विकले की मागा. दारूवर घ्या, तिरंदाजीच्या पैजांवर घ्या. आजाऱ्याच्या वाटेत उभे राहू नका.”

“पैजांवर नको गं पोरी,” गावातले सर्वांत म्हातारे नोरबू आजोबा कळवळले.

“आजोबा, गुडघ्यांच्या गोळ्या फुकट खाता ना?”

ओसरी हसली. आजोबांनी तिच्या बाजूनं हळूच हात वर केला. पाठोपाठ सगळ्या गावानं.

“एका गावाच्या बटाट्यांवर देश चालत नाही,” थुकतेन म्हणाला.

“मग सगळ्या गावांना विचारा.”

संध्याकाळी ती त्याला पुलापर्यंत सोडायला आली.

“गावानं फी नाकारली, हंगामाला वर्गणी देऊ म्हणतात, असंच सांगणार आहे मी,” तो म्हणाला. “वरचे रागावतील.”

“घाबरलात?”

“पुलावर घाबरलो होतो. आता नाही.” तो अडखळला. “गावोगाव फिरायचं तर... तुमच्यासारखं बोलणारं माणूस बरोबर हवं. आणि गावं संपली तरी—”

“तरी?”

“तरी हवं. याल?”

आई गेल्यापासून या पुलावर तिला पाठ उगाच हलकी लागे. तिनं तोंडावर हात धरला.

“मेशु, मेशु.”

त्याचा चेहरा उतरला... मग हळूहळू उजळला. हाताआड ती हसत होती.

“पुन्हा विचारू?”

“आधी मधोमध जा. खाली बघा. मग विचारा.”

तो गेला. खाली बघितलं. तिथून ओरडून विचारलं.

“नको,” ती म्हणाली, आणि पहिल्या फळीवर पाय ठेवला.

तिसऱ्यांदा त्याला ओरडावं लागलं नाही. ती तिथवर आली होती.